पौर्णिमेची सुट्टी : श्रीलंकेतील एका जुन्या प्रश्नाचा आढावा

श्रीलंकेच्या सरकारी दिनदर्शिकेत वर्षाकाठी साधारणतः २५ सार्वजनिक सुट्ट्या नोंदलेल्या असतात, आणि त्यांपैकी बारा, क्वचित तेरा, केवळ पौर्णिमेच्या असतात. थायलंड, म्यानमार, कंबोडिया इत्यादी बौद्धबहुल देशांतही काही निवडक पौर्णिमांना कचेऱ्या बंद राहतात. परंतु वर्षातील प्रत्येक पौर्णिमा ही राज्याची सुट्टी, हा दंडक सिंहलद्वीपाचाच. तेथे या दिवसाला ‘पोया’ म्हणतात. पोयाची सुट्टी असावी की नसावी, ती कोणाला भरपगारी मिळावी, इतर धर्मीयांच्या सणांचे काय करावे, आणि एकंदर सुट्ट्यांचा भार देशाच्या अर्थव्यवहाराला सोसवतो की नाही, असे अनेक प्रश्न एकमेकांत गुंतून या विषयाचा पिंड बनला आहे. या वादात बहुधा सुट्ट्यांची संख्या हाच मुख्य मुद्दा मानला जातो. मला मात्र असे वाटते, की राष्ट्राच्या पवित्र दिवसांचा प्रश्न आणि श्रमिकाच्या भरपगारी विश्रांतीचा प्रश्न असे दोन वेगळे प्रश्न येथे एकाच नावाखाली वावरत आहेत, आणि त्यांची फारकत केल्यावाचून कोणत्याही पक्षाचे म्हणणे नीट तपासता येत नाही.

उपोसथापासून वैशाख पौर्णिमेच्या सुट्टीपर्यंत

पोयाचे मूळ उपोसथात आहे. विनयपिटकाच्या महावग्गातील कथेप्रमाणे, इतर पंथांचे परिव्राजक पक्षातील अष्टमी, चतुर्दशी व पौर्णिमा-अमावास्येला एकत्र जमून धर्मचर्चा करतात आणि त्यामुळे लोकांची त्यांच्यावर श्रद्धा जडते, हे पाहून मगधराज बिंबिसाराने आपल्या संघानेही तसे करावे अशी विनंती बुद्धाला केली आणि ती मान्य झाली. भिक्षूंनी पंधरवड्याला एकत्र येऊन पातिमोक्खाचे, म्हणजे भिक्षुनियमांचे, पठन करावे आणि उपासकांनी त्या दिवशी अष्टशील ग्रहण करावे, अशी वहिवाट पुढे पडली. या साऱ्या विधानांत श्रम वर्ज्य करावेत अशी आज्ञा कोठेही नाही, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे. यहुदी धर्मातील शब्बाथ हा श्रमनिषेधाचा दिवस होय, तर उपोसथ हा व्रताचा दिवस होय. भातशेती करणारा सिंहली कुणबी पेरणी-कापणीचे दिवस सांभाळून, शुभ्र वस्त्रे नेसून विहारात जाऊ शके. त्याला कोणाची परवानगी काढावी लागत नसे. घड्याळाच्या ठोक्यावर चालणारी कचेरी आणि कारखाना आल्यावरच व्रतासाठी रजा मागण्याची वेळ आली. म्हणजे सुट्टीचा प्रश्न हा धर्माइतकाच वसाहतकालीन कामकाजाच्या पद्धतीतून उद्भवलेला आहे.

पोर्तुगीज, डच आणि इंग्रज या तिन्ही ख्रिस्ती सत्तांनी आपला रविवार बरोबर आणला. २ मार्च १८१५ रोजी झालेल्या कँडीच्या तहनाम्यातील पाचव्या कलमाने बुद्धधर्म अबाधित राहील अशी हमी इंग्रजांनी दिली असली, तरी मुलकी कारभाराचे दिवस मात्र ख्रिस्ती पंचांगानेच ठरत गेले. १८८३ च्या ईस्टरमध्ये कोलंबोतील कोटहेना भागात बौद्धांच्या मिरवणुकीवर हल्ला होऊन दंगल उसळली आणि तिच्या चौकशीत बौद्धांना न्याय मिळाला नाही, तेव्हा संतप्त बौद्ध समाजाने थिऑसॉफिस्ट कर्नल ऑलकॉट यांना १८८४ साली आपली गाऱ्हाणी घेऊन लंडनला धाडले. त्या गाऱ्हाण्यांतील एक मागणी वैशाख पौर्णिमेच्या सुट्टीची होती. गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांच्या कारकीर्दीत ती मान्य झाली, आणि २८ एप्रिल १८८५ रोजी वैशाख पौर्णिमा, म्हणजे सिंहली ‘वेसाक’, प्रथमच सरकारी सुट्टी म्हणून पाळली गेली. बौद्धांचा पंचरंगी ध्वजही त्याच दिवशी प्रथम फडकला. या चळवळीच्या अग्रभागी असलेले विद्योदय परिवेणाचे महास्थविर हिक्कडुवे सुमंगल यांच्याजवळच पुढे १९०२ साली आलेले मूळचे गोव्याचे धर्मानंद कोसंबी पाली शिकले, हे मराठी वाचकाला येथे स्मरावेसे वाटेल. कोसंबींनी पाहिलेले सिंहलद्वीप हे एका पौर्णिमेचा हक्क मिळवून नव्याने आत्मविश्वास कमावू लागलेले सिंहलद्वीप होते.

रविवारच रद्द करण्याचा प्रयोग : १९६६ ते १९७१

१९४८ साली स्वातंत्र्य आले. १९५६ हे बुद्धजयंतीचे, महापरिनिर्वाणाला २५०० वर्षे पूर्ण झाल्याचे वर्ष. त्याच सुमारास अखिल सिलोन बौद्ध काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीने परकीय अमलात बौद्धधर्मावर झालेल्या अन्यायाचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत एस. डब्ल्यू. आर. डी. बंडारनायके यांची आघाडी सिंहली भाषा व बौद्धधर्म यांच्या पुनःप्रतिष्ठेच्या घोषणेवर विजयी झाली. एक वैशाख पौर्णिमा मिळाली, पण आठवड्याची चौकट मात्र परक्यांचीच राहिली, ही खंत या वातावरणात उत्तरोत्तर तीव्र होत गेली. १९६५ च्या मार्चमध्ये डडली सेनानायके यांचे संयुक्त सरकार अधिकारावर आले, आणि त्याने जो कायदा केला त्याच्या धाडसाची तुलना करण्याजोगी उदाहरणे आधुनिक राज्यकारभारात फार थोडी सापडतील. १९६६ पासून शनिवार-रविवारची साप्ताहिक सुट्टी रद्द झाली. तिच्या जागी चंद्राच्या चार अवस्थांचे, म्हणजे अमावास्या, शुक्ल अष्टमी, पौर्णिमा आणि कृष्ण अष्टमी यांचे चार पोया दिवस आले, आणि पोयाच्या आदल्या दिवसाने शनिवारची जागा घेतली.

कल्पनेत उदात्त असलेली ही योजना व्यवहारात कोठे अडखळली, हे समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. चांद्रमास सुमारे २९.५३ दिवसांचा, त्याचा चतुर्थांश सुमारे ७.३८ दिवसांचा. त्यामुळे एका पोयापासून दुसऱ्या पोयापर्यंतचे अंतर बहुधा सात, पण वारंवार आठ, आणि कधी सहाही दिवसांचे पडे. सात दिवसांच्या आठवड्यांनी वर्षात बावन्न साप्ताहिक सुट्ट्या येतात. चांद्र चतुर्थांशांनी एकोणपन्नास-पन्नासच येतात. म्हणजे ज्या व्यवस्थेकडे पाहणारा परदेशी पाहुणा सुट्ट्यांची लयलूट झाली असे समजे, ती प्रत्यक्षात कामगाराच्या पदरातून दरसाल दोन-तीन साप्ताहिक सुट्ट्या काढून घेत होती. पगार मात्र इंग्रजी महिन्याने, शाळांच्या परीक्षा इंग्रजी तारखांनी, आणि वारांची नावे जुनीच; त्यामुळे सोमवार उजाडला म्हणजे काम सुरू झाले असे समजण्याची सोय राहिली नाही.

सर्वांत मोठी अडचण परदेशी व्यापाराची होती. चहा, रबर आणि नारळ यांवर जगणाऱ्या देशाच्या पेढ्या व बँका लंडनशी दररोज तारांची देवघेव करीत. कोलंबोची पोया बुधवारी आली, की मंगळवार-बुधवार येथे शुकशुकाट, शनिवार-रविवार तेथे शुकशुकाट. सात दिवसांपैकी दोन्हीकडे एकाच वेळी कचेरी उघडी असे दिवस तीनच उरत. ख्रिस्ती समाजाला रविवारची प्रार्थना कामाच्या वेळेशी जुळवून घ्यावी लागली. हिंदूंना अष्टमी-पौर्णिमा परक्या नव्हत्या, तरी त्यांचे स्वतःचे सण याने वाढले नाहीत. आणि मुसलमानांच्या शुक्रवारचे रविवार असताना जे होते तेच पोया आल्यावरही राहिले.

येथे रविवार कोणाचा, हा प्रश्न सहजच पुढे येतो. मुंबईच्या गिरण्यांत नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालविलेल्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली, तेव्हा ती रविवारची सुट्टी होती, आणि खंडोबाचा वार म्हणून रविवार मानणाऱ्या महाराष्ट्रातील श्रमिकाला ती परक्या धर्माची भासली नाही. सिंहलद्वीपात नेमके उलट झाले. तेथे रविवार चर्चच्या घंटेशी आणि मिशनच्या शाळेशी इतका निगडित झाला होता, की तो हटविणे हा स्वातंत्र्याचा उत्तरार्ध वाटावा. तरीही आज सिंहली मुले बौद्ध धर्मशाळांत, म्हणजे ‘दहम् पासल’मध्ये, जातात ती रविवारी सकाळीच. परकीय मानलेला वार धर्मशिक्षणाचा वार होऊन बसला आहे, आणि रविवारी सकाळी खासगी शिकवण्यांना बंदी करावी अशी मागणी बौद्ध संस्था वरचेवर करतात, ती या धर्मशाळांच्या रक्षणासाठीच.

१९७० साली सिरिमाओ बंडारनायके यांचे सरकार आले आणि १९७१ च्या २९ व्या क्रमांकाच्या सुट्टीविषयक कायद्याने शनिवार-रविवार परत आणले. मात्र एक गोष्ट जुन्या प्रयोगातून उचलून कायम केली : बाराही पौर्णिमा सार्वजनिक सुट्ट्या राहिल्या. आजची रचना ही त्या तडजोडीचीच संतती होय. पुढील वर्षीच्या संविधानाने बुद्धधर्माला अग्रस्थान दिले आणि १९७८ च्या संविधानातील नवव्या कलमात ते कायम राहिले. त्यामुळे पोयाची सुट्टी रद्द करण्याचा विचार कोणत्याही पक्षाला आता केवळ व्यापारी सोयीचा विषय म्हणून मांडता येत नाही.

आजचा कायदा आणि त्यातील तीन याद्या

प्रचलित व्यवस्था वाचकाला एका दृष्टिक्षेपात कळणारी नाही, कारण दिनदर्शिकेवर एकाच दिवसापुढे तीन प्रकारच्या खुणा असू शकतात : सार्वजनिक, बँकांची आणि व्यापारी. सरकारी कचेऱ्या पहिल्या यादीने चालतात, बँका दुसरीने, आणि दुकाने, पेढ्या व खासगी कचेऱ्या तिसरीने. पहिल्या दोन याद्या जवळजवळ सारख्या आहेत. तिसऱ्या यादीत मात्र आठ-नऊच दिवस येतात : तै पोंगल, ४ फेब्रुवारीचा स्वातंत्र्यदिन, एप्रिलमधील सिंहली-तमिळ नववर्षाचे दोन दिवस, १ मे, वेसाक आणि त्याचा दुसरा दिवस, मिलाद आणि नाताळ. दिवाळी, गुड फ्रायडे आणि रमजान ईद पहिल्या दोन याद्यांत आहेत, तिसरीत नाहीत. म्हणजे सरकारी दप्तरातील तमिळ कारकुनाला दिवाळीला सुट्टी असते, आणि त्याच रस्त्यावरील कापडाच्या पेढीतील तमिळ गुमास्त्याला ती आपल्या रजेतून कापून घ्यावी लागते.

पौर्णिमेची गोष्ट निराळी आहे. १९७१ च्या कायद्याने ती खासगी नोकरांनाही भरपगारी केली, आणि त्या दिवशी कामावर बोलावल्यास दीडपट मजुरी देण्याचे बंधन मालकावर घातले. या बंधनातच पोयाच्या सुट्टीचे खरे आर्थिक वजन आहे. तिच्यामुळे धर्माचा दिवस आणि मजुरीचा दर हे एकमेकांशी जखडले गेले.

सुट्ट्यांखेरीज रजेचा हिशेब वेगळा. दुकाने व कचेऱ्यांतील नोकरांसाठी १९५४ चा १९ वा कायदा आहे. त्याने आठवड्याला दीड दिवस सुट्टी, वर्षाला चौदा दिवस हक्काची रजा आणि सात दिवस किरकोळ रजा दिली. नव्याने लागलेल्या नोकराला मात्र पहिल्या वर्षी हक्काची रजा नाही. दुसऱ्या वर्षी ती तो कोणत्या तिमाहीत रुजू झाला यावरून ठरते : एप्रिलपूर्वी लागला असल्यास चौदा दिवस, आणि ऑक्टोबरमध्ये वा त्यानंतर लागला असल्यास अवघे चार. कारखान्यांतील मजूर १९४१ च्या वेतन मंडळांच्या कायद्याखाली येतात, आणि तेथे आदल्या वर्षी किती दिवस काम भरले त्यावर रजा अवलंबून असते. याउलट सरकारी नोकराला चोवीस दिवस विश्रांतीची आणि एकवीस दिवस किरकोळ, अशी पंचेचाळीस दिवसांची रजा मिळू शकते. शनिवार-रविवार वजा केल्यास वर्षात सुमारे २६१ दिवस उरतात. सार्वजनिक सुट्ट्यांपैकी काही शनिवार-रविवारी पडतात हे धरूनही सरकारी कचेरीचे सुमारे २४० दिवस होतात, आणि पूर्ण रजा घेणाऱ्या नोकराचे प्रत्यक्ष हजेरीचे दिवस दोनशेच्या खाली जातात. वादात उद्धृत होणारे बहुतेक आकडे याच हिशेबाचे निरनिराळे अवतार असतात. परंतु हा हिशेब सरकारी नोकराचा आहे, देशाचा नव्हे; देशातील रोजगारापैकी निम्म्याहून अधिक असंघटित क्षेत्रात आहे, आणि तेथे ना चोवीस दिवस आहेत ना चौदा.

निरनिराळे पक्ष

पहिला पक्ष सुट्ट्या कमी कराव्यात असे म्हणणाऱ्यांचा. त्यात निर्यातदार, उद्योजकांच्या संघटना आणि अर्थशास्त्रज्ञ येतात. १९७८ साली कटुनायके येथे मुक्त व्यापार क्षेत्र सुरू झाले, आणि तयार कपड्यांचा उद्योग चहाच्याही पुढे गेला. या उद्योगाला परदेशी ग्राहकाने ठरविलेल्या तारखेस माल जहाजावर चढवावा लागतो. महिन्यातून एकदा येणारी आणि कधी मंगळवारी तर कधी गुरुवारी पडणारी सुट्टी यंत्रांची लय मोडते, किंवा दीडपट मजुरीचा बोजा आणते. पोया शुक्रवारी-सोमवारी सरकवावी अशी सूचनाही या पक्षातून येते. परंतु चंद्राची पौर्णिमा हुकुमाने हलत नाही, आणि ज्या दिवशी विहारात शील घेतले जाते त्या दिवशी सुट्टी नसून दुसऱ्या दिवशी असावी, ही रचना धार्मिक दृष्ट्या निरर्थक ठरेल, हे या सूचनेचे कर्ते पुरेसे लक्षात घेत नाहीत असे मला वाटते.

दुसरा पक्ष पोया अबाधित राखावी असे म्हणणाऱ्यांचा. भिक्षुसंघ, बौद्ध संस्था आणि सर्वसामान्य श्रद्धावंत त्यात आहेत. त्यांच्या मते प्रत्येक पोयेला इतिहास आहे : दुरुतु पोया बुद्धाच्या महियंगण येथील पहिल्या भेटीची, पोसोन पोया महेंद्र स्थविरांनी मिहिंतले येथे देवानंपिय तिस्स राजाला धर्म सांगितल्याची, उंदुवप पोया संघमित्रेने बोधिवृक्षाची शाखा अनुराधपुरास आणल्याची, आणि एसळ-वप यांमधील काळ वर्षावासाचा. हे दिवस गेले तर बौद्ध म्हणून देशाने केलेली शतकानुशतकांची वाटचाल पुसली जाईल, अशी त्यांची भावना आहे. वेसाकच्या आठवड्यात रस्तोरस्ती उभारलेली दिव्यांची तोरणे, दारोदारी टांगलेले कागदी कंदील, आणि जातपात-धर्म न विचारता वाटसरूला जेवू घालणारी ‘दन्सल’ ज्याने पाहिली, त्याला या भावनेत केवळ राजकारण आहे असे म्हणता येणार नाही. पोयाला मद्य व मांस यांची विक्री बंद असते, तेही या पक्षाला प्राणप्रिय आहे. १९०४ आणि १९१२ च्या मद्यपाननिषेधाच्या चळवळींतून सिंहली राष्ट्रीयत्वाने पहिली पावले टाकली होती, याची ते आठवण देतात. पर्यटनाच्या धंद्यातील लोक या बंदीवर कुरकुर करतात; पण त्यांचे म्हणणे सुट्टीविरुद्ध नसून बंदीविरुद्ध आहे.

तिसरा पक्ष कामगारांचा. त्यांची तक्रार सुट्ट्या फार आहेत ही नसून त्या विषम आहेत ही आहे. या पक्षाला २०१८ साली एक ठळक उदाहरण मिळाले. त्या वर्षी वेसाक पौर्णिमा २९ एप्रिलला आली, आणि वेसाकच्या सप्ताहात कामगारांच्या मिरवणुका व सभा नकोत म्हणून सरकारने मे दिनाची सुट्टी १ मेवरून ७ मेवर नेली. कामगार संघटनांनी तीव्र निषेध केला. १ मे हा दिवस श्रमिकांच्या आंतरराष्ट्रीय स्मृतीचा, तो एखाद्या कचेरीच्या सोयीने हलविता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे आणि बौद्धपक्षाचे पोयाविषयीचे म्हणणे यांत, वरवर विरोध दिसला तरी, युक्तिवाद एकच आहे. दोघांनाही आपला दिवस नेमका त्याच तारखेला हवा आहे, कारण त्या तारखेखेरीज त्याचा अर्थ उरत नाही. मला तरी या साम्याचा वादात पुरेसा उपयोग झालेला दिसत नाही.

चौथा पक्ष अल्पसंख्याकांचा. २०१२ च्या शिरगणतीप्रमाणे देशात बौद्ध सुमारे ७० टक्के, हिंदू १२ ते १३, मुसलमान १० च्या आत आणि ख्रिस्ती ७ टक्क्यांहून थोडे अधिक होते. सरकारी यादी या सर्वांना स्थान देते, आणि मुस्लिम शाळांना रमजानमध्ये दीर्घ सुट्टी असते. तेव्हा संख्येच्या मानाने अन्याय नाही, असे उत्तर त्यांना दिले जाते. त्यांचा प्रतिवाद असा, की प्रश्न सरकारी यादीचा नाही, व्यापारी यादीचा आहे. येथे एक प्रसंग नमूद करणे उचित होईल. संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासभेने १५ डिसेंबर १९९९ रोजी वेसाक दिनाला मान्यता देणारा ठराव संमत केला, तेव्हा त्यामागे ज्यांचे परिश्रम होते ते श्रीलंकेचे परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कादिरगामर तमिळ होते आणि ख्रिस्ती कुटुंबात वाढलेले होते. या देशात दुसऱ्याच्या पवित्र दिवसाचा आदर करणाऱ्यांची परंपरा आहे, आणि कटुतेच्या काळातही ती लुप्त झाली नाही.

संकटकाळाने घातलेली भर

२०२२ च्या आर्थिक संकटाने या वादाला अनपेक्षित वळण दिले. इंधनाचा तुटवडा इतका वाढला, की जूनमध्ये मंत्रिमंडळाने सरकारी नोकरांना तीन महिन्यांपुरता दर शुक्रवारी घरी राहून परसबागेत अन्न पिकविण्यासाठी सुट्टी दिली, आणि परदेशी नोकरीस जाऊ इच्छिणाऱ्यांना ज्येष्ठता व निवृत्तिवेतन न गमावता पाच वर्षांपर्यंत बिनपगारी रजा घेण्याची मुभा दिली. सुट्टी ही वेतनाची, विश्रांतीची वा धर्माची बाब न राहता पेट्रोल वाचविण्याचे साधन झाली. सुट्ट्यांमुळे देश मागे पडतो असे म्हणणाऱ्यांना या काळाने थोडे विचारात टाकावे, कारण काम थांबले होते ते पौर्णिमेमुळे नव्हे, परकीय चलनाच्या अभावामुळे. तद्वतच, कामकाज चालू राहण्यास सरकारी नोकरांची इतकी मोठी संख्या आवश्यक आहे काय, हा प्रश्नही त्या शुक्रवारांनी पुढे आणला, आणि तो सुट्ट्या राखू पाहणाऱ्यांना सोयीचा नव्हता.

पुढील वर्षी विखुरलेले कामगारविषयक कायदे एकत्र करून एकच रोजगार कायदा करण्याचा मसुदा सरकारने चर्चेस आणला. अनेक संघटनांनी तो मालकांच्या बाजूला झुकलेला मानून विरोध केला, आणि २०२४ साली सरकार बदलले तेव्हा तो कायदा झालेला नव्हता.

शेजारच्या बौद्ध देशांत

तुलनेसाठी थोडे बाहेर पाहावे. थायलंडच्या १९९८ च्या कामगार संरक्षण कायद्याने खासगी मालकाला वर्षाला निदान तेरा पारंपरिक सुट्ट्या द्याव्या लागतात, त्यांत श्रमिक दिन धरून; वर्षभर काम केल्यावर रजा मात्र किमान सहाच दिवस. म्यानमारच्या १९५१ च्या कायद्यात अर्जित रजा दहा दिवस आणि किरकोळ सहा दिवस. कंबोडियाचा १९९७ चा कामगार कायदा महिन्याला दीड दिवस, म्हणजे वर्षाला अठरा दिवस भरपगारी रजा देतो. परंतु २०२० पासून त्या देशाने आपल्या २८ सार्वजनिक सुट्ट्या २२ वर आणल्या, आणि वगळलेल्यांत माघ पौर्णिमेचा बौद्ध सणही होता. बौद्धबहुल राष्ट्रात धार्मिक सुट्टी कमी करणे अशक्य असते हा समज यामुळे शिथिल होतो. पण कंबोडियात रजेचा पाया आधीच रुंद होता, हेही विसरता येत नाही. श्रीलंकेत उलट स्थिती आहे : सार्वजनिक सुट्ट्या अधिक, आणि असंघटित श्रमिकाची रजा नाममात्र.

जे अनिर्णित आहे

या सर्व पक्षांचे म्हणणे एकत्र ठेवल्यावर तीन गुंते शिल्लक राहतात. पहिला, सुट्टी आणि रजा यांच्या अदलाबदलीचा. काही पोया कमी करून तितके दिवस प्रत्येकाच्या वैयक्तिक रजेत घालावेत, आणि ज्याने त्याने आपल्या धर्माप्रमाणे ती वापरावी, असा विचार अधूनमधून पुढे येतो. भारतात केंद्र सरकारच्या नोकरांना दरसाल दोन ऐच्छिक सुट्ट्या असतात, तोच हा मार्ग. सरकारी नोकराच्या बाबतीत तो सुकर आहे. पण वेतन मंडळाच्या कारखान्यातील तरुण मुलीला ही वैयक्तिक रजा उत्पादनाचे वेळापत्रक सांभाळून मागावी लागते, आणि जिथे मागणे अवघड असते तिथे सर्वांना एकाच वेळी मिळणारी सुट्टी हेच दुर्बळाचे संरक्षण असते. वैयक्तिक हक्कापेक्षा अशा सामायिक दिवसाचे मोल कित्येकदा अधिक ठरते, म्हणून पोयाच्या समर्थकांच्या पदरी येथे धर्माखेरीज एक सबळ सामाजिक युक्तिवाद पडतो, आणि तो त्यांनी फारसा वापरलेला नाही.

दुसरा गुंता दीडपट मजुरीचा. हे बंधन मालकाला सुट्टी देण्यास प्रवृत्त करते, की गरजू कामगाराला सुट्टी सोडून कामावर येण्यास? ज्या बाईच्या घरी दोन मुले आहेत आणि महिनाअखेरचे भाडे थकले आहे, तिला पौर्णिमेला विहारापेक्षा दीडपट रोज अधिक जवळचा वाटला, तर तिच्या श्रद्धेला दोष देण्याचा अधिकार कोणाला नाही. परंतु त्यामुळे व्रतासाठी राखलेला दिवस हळूहळू जादा कमाईचा दिवस होत जातो, आणि कायद्याचा हेतू कायद्याच्याच तरतुदीने विरघळतो.

तिसरा गुंता ज्यांना मालकच नाही त्यांचा. त्रिचक्री चालविणारा, बंदरावर ओझी वाहणारा, फळांची गाडी लावणारा, घरकाम करणारी बाई, यांच्या लेखी पोया हा बिनपगारी दिवस. मांस विकणाऱ्याला तर त्या दिवशी दुकानही उघडता येत नाही. १९५४ चा कायदा दुकानांना आणि कचेऱ्यांना लागतो, घरांना लागत नाही. रोजगार कायद्यांच्या एकत्रीकरणाची चर्चा पुन्हा सुरू झाली, तर सुट्टीची यादी लांब करावी की आखूड, यापेक्षा त्या यादीच्या कक्षेत घरकामगार आणि रोजंदार येतात की नाही, हे पाहण्याचे काम अधिक तातडीचे ठरेल. त्यासाठी कटुनायकेच्या कारखान्यांचे पोयाच्या दिवसांचे हजेरीपट, कोलंबोच्या दुकानांतील व्यापारी सुट्ट्यांच्या नोंदी, आणि दीडपट रोज ज्यांना मिळाला त्यांची वेतनपत्रके कामगार खात्याने एकत्र करून प्रसिद्ध करावीत, आणि मग कामगार संघटना, मालक व भिक्षुसंघाचे प्रमुख महानायक थेरो यांनी त्यांवर एकत्र बसून बोलावे, एवढीच मागणी या आढाव्यातून न्याय्य रीतीने निघते.